लाकडी जहाजाच्या पट्ट्या : उखडू की लांबी (पुट्टी) भरून पुढे जाऊ?

खाडीकाठ (ठाणे, कोलशेत) | ६ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत ‘ब्लूनोज’च्या लाकडी मॉडेलचा संच घेतला. ब्लूनोज ही कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची दोन डोलकाठ्यांची स्कूनर (शिडाचं जहाज), १९२१ साली लुनेनबर्गला पाण्यात उतरली. जहाज मासेमारीचं, पण शर्यतींत अशी धावली की पुढे कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर जाऊन बसली. माझं मॉडेल १:६४ मापाचं आहे, म्हणजे सांगाडा साधारण ६८ सेंटीमीटर.

कणा झाला, आडवे फर्मे (सांगाड्याच्या बरगड्यांसारखे तुकडे) बसले, डेक बसला. मे महिन्यात पट्ट्या लावायला घेतल्या. लाइमवुडच्या, ५ मिमी रुंद, दीड मिमी जाड. डेकपासून खाली येत डावीकडे १४ आणि उजवीकडे ११ लावून झाल्या. मधल्या भागात सगळं सुरेख आहे. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, मात्र पट्ट्या एकमेकींवर चढल्यात, कौलांसारख्या. शिवाय डावी-उजवी बाजू जुळत नाही, नाळेपाशी जवळजवळ ४ मिमीचा फरक आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या फर्म्यावरच्या दोन पट्ट्या सुटून वर आल्या.

प्रश्न एवढाच. सगळं उखडून पुन्हा लावू, की लांबी भरून, घासून, रंग मारून पुढे जाऊ? ब्लूनोज वरून काळी आणि पाण्याखाली लाल असते, त्यामुळे लाकूड दिसणार नाहीच. पण आठ महिन्यांचे रविवार त्यात गेलेत आणि रोज रात्री झोपायच्या आधी मी ती नाळ बघतो. फोटो जोडलेत.

---

रविवारचा_सुतार (डोंबिवली) | ६ जुलै, १०:४०

लांबी भरा आणि पुढे चला. माझ्या पहिल्या जहाजाला अर्धा डबा लांबी लागली होती. आज ते दिवाणखान्यात आहे आणि कुणी विचारत नाही. पहिलं जहाज पूर्ण होणं सगळ्यांत महत्त्वाचं. उखडायला घेतलेली निम्मी जहाजं माळ्यावर जातात, हे मी मित्रांच्या घरी बघितलंय.

---

अनघा_घंटाळी | ६ जुलै, ११:०५

पहिला फोटो दिसतोय, बाकीचे दिसत नाहीत. पुन्हा चढवाल का? धाग्याची वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

माप_एके_माप (ऐरोली) | ७ जुलै, सकाळी ७:५०

रविवारचा_सुतार यांच्याशी अर्धा सहमत. लांबीने खड्डा भरतो, उंचवटा जात नाही. फोटोत मला उंचवटे दिसतायत. पट्टीची कड एक मिमी वर आली असेल आणि ती घासून सपाट केली, तर दीड मिमीच्या पट्टीत उरतं अर्धा मिमी. तिथे बोट दाबलं तरी आत जाईल.

खाडीकाठ, पट्ट्या नाळेकडे निमुळत्या केल्या होत्या का? की सरळ ५ मिमीच्याच पुढे नेल्या?

---

खाडीकाठ | ७ जुलै, ८:१५

सरळच नेल्या. संचाच्या पुस्तिकेत ‘गरजेप्रमाणे निमुळत्या करा’ एवढं एकच वाक्य आहे. गरज म्हणजे किती, हे मला कळलं नाही.

अनघाताई, फोटो पुन्हा चढवले.

---

माप_एके_माप | ७ जुलै, रात्री ९:३०

मग रोग सापडला. एक प्रयोग करा, दहा मिनिटांचा. घरातला पितळी तांब्या घ्या. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची सरळ पट्टी कापा. तांब्याच्या पोटावर तिचा मधला भाग आडवा टेकवा आणि दोन्ही बाजूंनी न ओढता, न चुरगाळता, नुसती चिकटू द्या. बघा ती कुठे जाते. पोट जिथे गोल होत निमुळतं होतं, तिथे पट्टी आपली वाट धरते. तुम्ही तिला जबरदस्तीने आडवी धरलीत तर एक कड टेकते आणि दुसरी उठते. तुमच्या नाळेवर नेमकं हेच झालंय. लाकडी पट्टी सपाट बाजूने हवी तशी वाकते, पण कडेवर वाकत नाही.

आता हिशेब. मधल्या फर्म्यावर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळा, खूण करा, मोजा. मग तेच नाळेपाशी करा. दोन्ही आकडे इथे द्या.

---

खाडीकाठ | ७ जुलै, १०:२०

मोजलं. मध्ये १२५ मिमी, नाळेपाशी ७५ मिमी. तांब्याचा प्रयोग आईसमोर केला. तिने मुलाला हाक मारून त्यालाही दाखवला.

---

माप_एके_माप | ७ जुलै, १०:४५

छान. १२५ भागिले ५, म्हणजे मध्ये २५ पट्ट्या. त्याच २५ पट्ट्या नाळेपाशी ७५ मिमीत मावायला हव्यात. ७५ भागिले २५, म्हणजे प्रत्येक पट्टी तिथे ३ मिमी. म्हणजे मध्ये ५ आणि टोकाला ३, मधलं अंतर हळूहळू निमुळतं. हीच ती ‘गरज’.

नियम असा की टोकाची रुंदी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करायची नाही. तुमचं ३ आहे, निम्मं अडीच, म्हणजे बसतंय. निम्म्याच्या खाली गेलं असतं तर दोन पट्ट्यांची एक करावी लागली असती. खऱ्या जहाजांवरही तसंच करत. फार टोकदार फळी झाली की तिला खिळा धरत नाही आणि टोक कुजतं.

मागच्या बाजूला उलटं होऊ शकतं, तिथे घेर वाढला तर फट पडते. मग तिथे पाचरीसारखा जास्तीचा तुकडा घालायचा. आधी प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलीने २५ खुणा करून घ्या. खुणा केल्या की अर्धं जहाज झालं म्हणून समजा.

---

रविवारचा_सुतार | ७ जुलै, ११:१०

हे गणित कुणी मला दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तरीही माझं मत बदललेलं नाही. रंगवायचं जहाज आहे. चढलेल्या कडा ब्लेडने तासून घ्या, आतून फळीच्या पाठीला विनिअरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) तुकडे चिकटवून बळकटी द्या, बाहेरून भुसा आणि फेव्हिकॉल भरा. दोन रविवार लागतील. उखडलंत तर चार महिने.

---

पाऊसवेडी (खारघर) | ८ जुलै, सकाळी ६:५५

वाचतेय. या विषयातलं काही कळत नाही, पण तांब्या काढलाच. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

सुकाणू (नेरुळ) | ८ जुलै, दुपारी ४:३०

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. मॉडेलं करतोय १९९६ पासून. उशिरा येतोय, पण फोटो नीट मोठे करून बघितले.

खाडीकाठ, बाळा, एक प्रश्न. पट्ट्या लावायच्या आधी पहिल्या तीन फर्म्यांच्या कडा तिरक्या घासल्या होत्यास का? म्हणजे घासकागद चिकटवलेला लांब लाकडी ठोकळा नाळेपासून मागे असा फिरवून, की पट्टी प्रत्येक फर्म्यावर पूर्ण जाडीने टेकेल?

---

खाडीकाठ | ८ जुलै, ५:१०

काका, नाही. फर्मे लेझरने कापलेले आले, कडा एकदम सरळ आणि स्वच्छ होत्या. मला वाटलं तसेच बसवायचे. मधल्या फर्म्यांवर पट्टी नीट टेकली. पुढच्या तीनवर नुसत्या धारेवर टेकली होती, हे आता आठवतंय. म्हणून तिथे मी फेव्हिकॉलबरोबर फेव्हिक्विकचे थेंब टाकले.

---

सुकाणू | ८ जुलै, ५:४५

मग उखड. दुसरा रस्ता नाही.

रविवारच्या सुतारांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. त्यांनी सांगितलेली डागडुजी चुकलेल्या पट्टीसाठी बरोबर आहे. पण इथे पट्टीखालचा आधारच चुकलाय. फर्म्याची धार पट्टीला एका रेषेत टेकते, त्या रेषेवर गोंद किती राहणार? म्हणूनच पावसात नेमक्या दुसऱ्या फर्म्यावरच्या सुटल्या, सातव्यावरच्या नाही. आज लांबी भरशील, गणपतीपर्यंत सुंदर दिसेल. मग ऑक्टोबर येईल, हवा कोरडी पडेल, पट्ट्या आकसतील, आणि काळ्या रंगावर नाळेपासून बारीक भेगा धावतील. तो काळा रंग एक भेग लपवत नाही.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग रुंदीत ६ टक्क्यांच्या आत आकसतो, बासवुड नऊच्या वर. लाइमवुड त्याचंच भावंड. आपल्या घरात एवढा मोठा फरक पडत नाही, पण जुलै ते जानेवारी जेवढा पडतो तेवढा पंचवीस पट्ट्यांच्या बेरजेत दिसतो.

उखडायची पद्धत सांगतो. फेव्हिकॉलसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुन्या सुती साडीची चिंधी भिजवून सांध्यावर ठेव, वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म गुंडाळ, अर्धा तास थांब. गोंद पांढरा आणि मऊ होतो. मग पातळ सुरी आडवी सरकव, उचकटू नकोस. जिथे फेव्हिक्विक टाकलंयस तिथे अल्कोहोल चालणार नाही, तिथे ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं. खिडक्या उघड्या ठेव आणि जवळ गॅस, उदबत्ती, काहीही पेटतं नको. पट्ट्या जपून काढल्यास तर बऱ्याचशा पुन्हा वापरता येतील, कारण आता त्या निमुळत्याच करायच्या आहेत.

---

अनघा_घंटाळी | ८ जुलै, रात्री ९:००

सुकाणूकाका, हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावला.

दोऱ्यांबद्दल माझा असाच अनुभव. मी भरतकाम करते, म्हणून जहाजाकडे आले ती दोऱ्यांच्या वाटेने. पहिल्या जहाजाला सगळे दोरे सुती वापरले, मेण लावून, मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन ओढून लव जाळली. फार देखणे दिसायचे. पावसाळ्यात ताणले जायचे, हिवाळ्यात लोंबायचे. आता डोलकाठी धरणारे दोरे पॉलिएस्टरचे आणि शिडांचे हलते दोरे सुती, असं करते.

दोरशिडीच्या पायऱ्यांसाठी एक युक्ती. दोन पायऱ्यांत खऱ्या जहाजावर साधारण ३८ सेंटीमीटर अंतर असतं, १:६४ ला ते ६ मिमी होतं. आलेख वहीच्या कागदावर ६ मिमीच्या रेषा आखून तो दोऱ्यांच्या मागे टाचणीने लावते आणि मग क्लोव्ह हिच बांधत जाते. कडेच्या गाठी आधी घट्ट केल्या तर उभे दोरे आत ओढले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते, म्हणून मधल्या गाठींपासून सुरुवात.

---

आर्याचा_बाबा (वाशी) | ९ जुलै, सकाळी ९:२०

मुलगी ११ वर्षांची आहे, तिला हे करायचंय. संच महाग आहेत. इथे लाकूड कुठे मिळतं?

---

रविवारचा_सुतार | ९ जुलै, १:१५

आर्याचा_बाबा, संच नका घेऊ. प्लायच्या कुठल्याही दुकानात सागाचं विनिअर मिळतं, अर्धा मिमी जाड. छाटलेले तुकडे दुकानदार बऱ्याचदा असेच देतो. स्टीलची पट्टी आणि नवीन ब्लेड घेऊन ४ मिमीच्या पट्ट्या कापा. फर्म्यांना ३ मिमीचा प्लाय. पहिल्या थराला आइस्क्रीमच्या काड्या, उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवल्या की वाकतात. कपड्याचे चिमटे घरात आहेतच.

लाकडाच्या वखारीत गेलात तर शिवण आणि हळदू विचारा. हळदू पिवळसर, बारीक पोताचं, कोरायला लोण्यासारखं. परदेशी मंडळी बॉक्सवुड वापरतात तिथे मी हळदू वापरतो. दोन फुटांचा तुकडा वर्षभर पुरतो.

कापताना मुलीला मास्क द्या. सागाचा भुसा काहींच्या कातडीला खाज आणतो.

---

दिवाळेकर (दिवाळे गाव, बेलापूर) | ९ जुलै, रात्री ११:४०

हा धागा तीन दिवस वाचतोय, आज लिहितो. आमच्याकडे होड्या बांधायचं काम होतं. आजोबा आणि बाबा. आता फायबरच्या आल्या, बाबांनी हत्यारं गुंडाळून ठेवली त्याला बरीच वर्षं झाली. मी बँकेत आहे.

लहानपणी खाडीच्या काठावर होडी उभी राहताना बघितलीय. कागद नव्हता, नकाशा नव्हता. आधी कणा, मग नाळ, मग थोड्या फळ्या, मग बरगड्या, मग उरलेल्या फळ्या. फळी वाकवायला खाली जाळ, वरून पाण्याचा फडका, आणि टोकाला दगड लटकवलेला. बाबा जाळाकडे बघत बसायचे. कधी फडका मारायचा ते ते वासावरून ठरवायचे. लाकूड करपायच्या आधी गोडसर वास येतो म्हणायचे. फळी लावून झाली की मला सांगायचे, “डोलं मीट न् हात फिरव. जिथं हात अरतो तिथं पानी अरतं.”

खाडीकाठदादा, तुम्ही फोटोपेक्षा हाताने बघा. रात्री दिवा बंद करून नाळेवरून तळवा मागे न्या. जिथे अडेल तिथे खूण करा. हे मी ६८ सेंटीमीटरच्या जहाजासाठी सांगतोय, पण हात तोच आहे.

---

पाऊसवेडी | १० जुलै, सकाळी ७:०५

दिवाळेकर, हे वाचून डोळे भरून आले. बाबांना सांगा.

---

सुकाणू | १० जुलै, दुपारी १२:००

दिवाळेकर, तुमच्या बाबांच्या हत्यारांचे फोटो टाकता आले तर टाका.

जरा अवांतर, पण इथे शोभेल. एकदा आमचं जहाज टीसपोर्टला लागलं होतं, तेव्हा सुट्टी काढून हार्टलपूलला गेलो. तिथे ‘ट्रिंकोमाली’ उभी आहे. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली फ्रिगेट. आज ब्रिटनमधली तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका तीच. इंग्लंडमध्ये तेव्हा जहाजाजोगा ओक कमी पडत होता, म्हणून काम मुंबईला आलं, आणि आपल्याकडे मलबारचा साग होता. गंमत म्हणजे तिचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने लढाईत संपवलं, नकाशे गेले, पुन्हा पाठवावे लागले. त्यात वर्षं गेली.

मी खालच्या डेकवर गेलो आणि एका बरगडीवर हात ठेवला. दोनशे वर्षांचा साग. आपल्या गोदीत कुणीतरी तासलेला. बराच वेळ हात उचलवेना.

तेव्हापासून तिचं मॉडेल करायचं मनात आहे. तोफांचा डेक साधारण ४५.८ मीटर, १:६४ ला जवळजवळ ७२ सेंटीमीटर. या दिवाळीत कणा कापणार.

---

वाचनमात्र (कल्याण) | १० जुलै, २:३५

सहसा लिहीत नाही. पण ट्रिंकोमाली झाली, ब्लूनोज झाली, आपलं गलबत का कुणी करत नाही? १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीत महाराजांची जहाजं बांधायला लागली. मी दुर्गाडी किल्ल्यापासून दहा मिनिटांवर राहतो. संच मिळतो कॅनडाच्या कोळ्यांच्या जहाजाचा.

---

माप_एके_माप | १० जुलै, ८:५०

वाचनमात्र, मनापासून अनुमोदन, पण अडचण नकाशांची आहे. दिवाळेकरांनी वर लिहिलंच आहे, आपल्याकडे मिस्त्री डोळ्याने बांधत. हाताशी आहेत ती वर्णनं आणि चित्रं. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिलंय : गुराब दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीनची तीनशेच्या आसपास. नाळ खूप पुढे आलेली, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत, मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही.

एवढ्यावर आकार काढता येईल, पण फळ्यांची रेषा, बरगड्यांचं अंतर, डोलकाठीचा कल हे कुठून आणायचं?

---

दिवाळेकर | १० जुलै, ११:१५

बाबांकडून. नाळेचा कल, फळीची रेषा हे सगळं बाबांच्या हातात आहे. लढाईचं गलबत त्यांनी बांधलं नाही, पण शिडाची होडी बांधलीय. पुढे आलेली नाळ आमच्याकडे होतीच. विचारून बघतो.

---

वाचनमात्र | ११ जुलै, सकाळी ८:००

मी येतो. वही घेऊन.

---

रविवारचा_सुतार | ११ जुलै, ९:४०

मीही. गलबताला साग माझ्याकडून.

ज्यांना जुनी मॉडेलं बघायचीत त्यांनी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं, तिथे देशी होड्यांच्या प्रतिकृती आहेत. मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो राणीच्या बागेतल्या पेंग्विनसाठी आला आणि होड्यांपाशी थांबला.

---

आर्याचा_बाबा | १२ जुलै, संध्याकाळी ७:३०

विनिअर मिळालं, तेही फुकट. दुकानदाराने विचारलं कशाला, आर्याने सांगितलं जहाजाला. त्याने शिसमाचा एक तुकडा वर दिला, ‘सुकाणूला लाव’ म्हणाला. काड्या उकळल्या, पहिल्या दोन मोडल्या, तिसरी वाकली. तिने ती बाटलीला रबराने बांधून उशाशी ठेवलीय.

---

पाऊसवेडी | १२ जुलै, ८:०५

यंदा गणपतीच्या मखरात आर्याचं जहाज हवं.

---

सुकाणू | १२ जुलै, ८:३०

आर्याला माझ्याकडून शाबासकी. काडी रात्रभर बांधलेली राहू दे, पूर्ण सुकल्याशिवाय सोडायची नाही. ओली सोडली तर पुन्हा सरळ होते.

खाडीकाठ, तू गप्प आहेस. काय ठरलं?

---

खाडीकाठ | २० जुलै, रात्री ११:५०

उखडलं.

नऊ तारखेला रात्री दिवाळेकरांनी सांगितल्यासारखं दिवा बंद करून हात फिरवला. दहा-अकरा ठिकाणी अडला. उजवीकडे एका ठिकाणी तळव्याला खाच लागली, ती मला इतक्या दिवसांत डोळ्यांनी दिसली नव्हती. तेव्हाच ठरलं.

काकांची चिंधी आणि अल्कोहोलची पद्धत अचूक. पहिली पट्टी काढताना हात थरथरत होता, पाचवीपासून लय आली. २५ पैकी १९ पट्ट्या शाबूत निघाल्या. फेव्हिक्विकच्या जागी दोन फर्म्यांची कड थोडी तुटली, तिथे प्लायचे तुकडे चिकटवून भरून काढलं. मग फर्मे घासले. फर्म्याच्या कडेला आधी पेन्सिलीने काळं केलं, म्हणजे किती घासलं ते कळतं. पहिल्या फर्म्याची पुढची कड जवळजवळ २ मिमी खाली आली. आता पट्टी नुसती धरली तरी फर्म्यांवर आपोआप झोपते.

२५ खुणा केल्या. पट्ट्या निमुळत्या करायला एकेक चिमट्यात धरून रंधा मारतोय. पावसाचं म्हणाल तर पट्ट्या आता पीव्हीसी पाइपमध्ये ठेवल्यात, दोन्ही टोकांना बूच, आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि लावायला दोन्ही बाजूंनी एकेक घेतोय, डावी एक की उजवी एक. मागच्या वेळी डावीकडेच १४ लावत गेलो, त्याने कणा एका बाजूला ओढला गेला असावा.

आज रात्री दोन्हीकडे चार-चार झाल्या. नाळेपाशी फरक मोजला, अर्धा मिमीसुद्धा नाही.

रविवारच्या सुतारदादा, तुमचा सल्ला घेतला नाही, राग मानू नका. विनिअरच्या तुकड्यांची बळकटी मात्र आतून लावतोय, ती फार कामाची आहे.

---

रविवारचा_सुतार | २१ जुलै, सकाळी ७:१०

राग कसला. फोटो बघून माझंच ते जुनं जहाज खाली काढलं आणि नाळेवरून हात फिरवला. तीन ठिकाणी अडला. पुढचं जहाज मीही खुणा करून घेणार.

---

अनघा_घंटाळी | २१ जुलै, १०:००

काय सुंदर रेषा आलीय नाळेला! दोन आठवड्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून बघितला.

---

दिवाळेकर | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

आज बाबांना घेऊन खाडीकाठदादांकडे जाऊन आलो. वाचनमात्र वही घेऊन आले होते. गलबताच्या नाळेची पहिली रेघ बाबांनी त्यांच्या वहीत काढलीय, ती वाचनमात्र स्वतः टाकतील.

बाबांनी ब्लूनोज मांडीवर घेतली. चष्मा काढला, डोळे मिटले आणि नाळेपासून तळवा मागे नेला. उजवीकडून पूर्ण गेला. डावीकडे चौथ्या फर्म्यापाशी थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा थांबला. अंगठ्याने जागा दाखवली आणि म्हणाले, “हितं आजून दोन हात मार.”

---

खाडीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:४५

मारले. फोटो जोडलाय.